अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता बोईसरच्या एका रसायन कारखान्याच्या कॉन्फरन्स रूममध्ये मला उभं करून एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारण्यात आला. चार जण बसले होते. कारखान्याचे प्रमुख, एचआरचे साहेब, ठेकेदार आणि आमचा सुपरवायझर. पाचवी खुर्ची रिकामी होती. मला बसायला कोणी सांगितलं नाही.

टेबलावर एक कागद होता. इंग्रजीत टाइप केलेला, अर्ध्या पानाचा. तळाशी माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

एचआरचे साहेब म्हणाले, "बारावी झालीस ना? मग वाच मोठ्याने."

मी वाचला. अडखळत वाचला.

"तिसऱ्या ओळीत कन्फ्यूज शब्द आहे. अर्थ काय?"

"गोंधळ."

"गोंधळ नाही. क्रियापद आहे ते. गोंधळणे. आता वाक्यात उपयोग कर."

मी पुन्हा तिसरी ओळ बघितली.

"बारावीला इंग्रजीत मार्क किती?"

"सदतीस."

"दिसतंय."

प्रमुख हसले. "अरे, इम्तिहान ले रहे हो क्या इसका?" ठेकेदारही हसला. सुपरवायझर टेबलाच्या काचेकडे बघत होता.

"सोपं आहे," एचआरचे साहेब म्हणाले. "देवजी गॉट कन्फ्यूज्ड. म्हण माझ्यामागे."

मी म्हटलं.

"पुन्हा. नीट."

मी पुन्हा म्हटलं. देवजी गॉट कन्फ्यूज्ड.

देवजी त्या वेळी इस्पितळात होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्याच्याबद्दलचं हे वाक्य मी दोनदा म्हटलं. ते आधी सांगते, बाकीचं त्यानंतर.

मी त्या कारखान्यात सहा वर्षं ठेकेदाराची हेल्पर होते. कागदावर हेल्पर. काम टाक्यांच्या यार्डात. टँकर आला की माल टाकीत घ्यायचा, टाकीतला माल पाइपलाइनने प्लांटकडे सोडायचा, रिकामी झालेली लाइन पाण्याने धुवायची. धुताना लाइनच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडावा लागतो. लाइन रिकामी असेल तर काही होत नाही. भरलेली असेल तर आतला माल जोराने बाहेर येतो. आमच्याकडचा बहुतेक माल ॲसिडचा होता.

भरलेली लाइन आणि रिकामी लाइन बाहेरून सारखीच दिसते.

कोणती लाइन भरलेली आहे याची नोंद सुपरवायझरच्या केबिनमधल्या वहीत व्हायची, इंग्रजीत. केबिन यार्डच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या पाळीत सात जण होतो. इंग्रजी अक्षर लावता येणारी मी एकटी. चौघे आमच्या डोंगराकडच्या पाड्यांवरचे, दोघे बिहारचे.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मी एक लाइन भरली आणि मला दुसऱ्या टँकरवर बोलावलं. मागे कोणी तिचा व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून मी पुसायच्या जुन्या कपड्यांच्या पोत्यातून एका साडीची किनार फाडली आणि व्हॉल्व्हच्या चाकाला गाठ मारली. विचार करून केलं नव्हतं. आमच्याकडे रानात मधाचं पोळं हेरलं की त्या झाडाला गवताची गाठ मारून ठेवतात. गाठ असलेल्या झाडाला दुसरा माणूस हात लावत नाही. लावायचा असेल तर आधी गाठ कोणाची ते विचारतो.

देवजी तिथून गेला. तो आमच्या शेजारच्या पाड्यावरचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. गाठ बघून म्हणाला, "काय गं, पोळं हाय काय यात?"

"हाय. चाटून बघ."

तो हसत गेला. व्हॉल्व्हला हात लावला नाही. मी त्याला काहीही समजावून सांगितलं नव्हतं.

बिहारच्या रामसूरतने विचारलं, "ये मन्नत का धागा है का, दीदी?" मी म्हटलं, हात लावू नको, आत माल आहे. त्याने कपाळाला हात लावून गाठीला नमस्कार केला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्याने भरलेल्या लाइनला स्वतःच्या गमछ्याची पट्टी बांधली.

तेव्हापासून तशी पद्धत पडली. लाइन भरणाऱ्याने गाठ बांधायची. लाइन रिकामी करून धुणाऱ्याने गाठ सोडायची. मधे तिसऱ्याने हात लावायचा नाही. सांगायला कोणी साहेब नव्हता, पण तीन वर्षांत एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या पाळ्यांनीही ती पद्धत घेतली. आमचा सुपरवायझर सफाळ्याहून यायचा. उशीर झाला की गाडीतूनच फोन करायचा. पहिला प्रश्न असायचा, "गाठ बांधली का?"

अपघाताच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, परदेशी ग्राहकाची माणसं कारखाना बघायला येणार होती. आठवडाभर रंगकाम चाललं होतं. बुधवारी लाइनींवर नवे टॅग लागले. प्लॅस्टिकचे, पिवळे, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. गुरुवारी सकाळी आम्हाला गॉगल आणि नवे हातमोजे वाटले. नऊच्या सुमाराला प्रमुख यार्डात आले. टॅग बघत चालले होते. मग थांबले.

"ये चिंधी किसने बांधी है?"

सुपरवायझर माझ्याकडे बघू लागला. म्हणाला, "सर, ये लोग बांधते हैं."

"सायब, खुणा हायत त्या," मी म्हटलं.

"निशानी? जंगल है क्या ये?"

त्यांच्या मागे चार-पाच माणसं होती. ती हसली. ते हसले म्हणून हसली असतील.

"बीस मिनट में एक भी नहीं दिखनी चाहिए. और जिसने बांधी है वही खोलेगी."

मी एकेक गाठ सोडायला लागले. काही गाठी घट्ट बसल्या होत्या, ॲसिडच्या वाफेने कापड कडक झालं होतं. त्या दातांनी ओढता येत नाहीत. खिळा घालून सोडवल्या. पहिल्यांदा मी मान खाली घालून सोडत होते. सातव्या-आठव्या गाठीला मी सुपरवायझरला विचारलं, "दादा, भरलेली लाइन आता वळखायची कशी?"

"टॅग लावलेत ना. टॅग वाच."

"टॅगवर लाइनीचं नाव हाय. भरलीय का रिकामी, ते कुठं हाय?"

"नंतर बघू. पाहुणे जाऊ देत आधी."

मी पुन्हा विचारलं नाही. सतरा गाठी होत्या. सतराही मी सोडल्या. चिंध्या एका पोत्यात भरल्या आणि पोतं भंगाराच्या बाजूला ठेवलं. पाहुणे साडेअकराला यार्डात आले, सहा मिनिटं थांबले आणि गेले. संध्याकाळी पाच वाजता स्टोअरवाल्याने गॉगल आणि हातमोजे परत घेतले.

शुक्रवारी मी सुपरवायझरला म्हटलं, गाठी बांधू का. तो म्हणाला, "आत्ता नको. सोमवारी साहेबांना विचारतो." त्या दिवशी आम्ही तोंडी काम केलं. ज्याने लाइन भरली तो उरलेल्यांना ओरडून सांगत होता. दिवस निभावला.

देवजी गुरुवारी आणि शुक्रवारी कामावर नव्हता. पुतणीच्या लग्नाला विक्रमगडकडे गेला होता.

शनिवारी पहिल्या पाळीला जायला मी आणि देवजी एकाच मॅजिक गाडीत बसलो. तो खुशीत होता. पाय लांब करून बसला होता.

"नाचून नाचून पाय सुजले. तुला गं? गोऱ्यांनी चष्मा दिला म्हनं."

"दिला. नि सांजच्याला काढून पन घेतला."

"मंग फोटू तरी काढायचास. हिरोईन दिसली असतीस."

गाडीत हशा झाला. मग त्याने लग्नाचं सांगितलं. नवऱ्याकडची माणसं उशिरा आली, जेवण कमी पडलं, त्यावरून दोन व्याही भांडले. अर्धा तास आम्ही एका बाकावर होतो. गाठी सोडल्या, हे मी त्याला सांगितलं नाही. माझ्या ध्यानात आलं नाही. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

सात वाजून चाळीस मिनिटांनी मी पिंपांच्या शेडमध्ये होते. ओरडणं ऐकू आलं. मी पोचले तेव्हा रामसूरतने देवजीला उचलून यार्डातल्या सेफ्टी शॉवरखाली धरलं होतं. शॉवरला पाणी होतं. तेही सांगायला हवं. वीस मिनिटं पाणी होतं. देवजी डोळे उघडत नव्हता. तो एकच गोष्ट बोलत होता. "गाठ नव्हती. गाठ नव्हती." रामसूरत त्याला म्हणत होता, "हां भाई, नहीं थी, आंख खोल, पानी जाने दे."

देवजीने काय केलं ते नंतर त्याच्याकडूनच कळलं. त्याला एक लाइन धुवायला सांगितली होती. तो यार्डात आला. त्या लाइनला गाठ नव्हती. त्याने आजूबाजूला बघितलं. कुठल्याच लाइनला गाठ नव्हती. पाहुणे येणार असले की कधी कधी सगळ्या लाइनी रिकाम्या करून धुतात, हे त्याला माहीत होतं. या वेळीही तसंच केलं असणार, असं त्याने धरलं. त्याने व्हॉल्व्ह उघडला. ती लाइन रात्रपाळीने भरून ठेवली होती.

इंग्रजी टॅग वाचणारा माणूस कदाचित थांबला असता. त्याने केबिनमध्ये जाऊन वही बघितली असती. देवजी गाठ वाचणारा माणूस होता. गाठ नाही याचा त्याच्यासाठी एकच अर्थ होता. आत काही नाही.

सोमवारी आमच्या पाळीतल्या, माझ्याशिवाय कामावर आलेल्या चौघांच्या सह्या घेतल्या. मजकूर तोच, जो दुसऱ्या दिवशी मला वाचायला लावला. चौघांनाही वाचता येत नव्हता. रामसूरतने सही केली. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, काय लिहिलंय. तो म्हणाला, "जो हुआ वही लिखा होगा ना." मला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

कागदावर दोन गोष्टी होत्या. एक, हेल्पर स्वतःच कन्फ्यूज होऊन त्याने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. दोन, मी परवानगी न घेता बांधलेल्या चिंध्या कामगारांना कन्फ्यूज करत होत्या, म्हणून त्या व्यवस्थापनाने वेळीच काढून टाकल्या होत्या. गाठी सोडल्याने अपघात झाला, हे कुठेच नव्हतं. त्यांच्या कागदात गाठी सोडणं हा अपघात टाळायचा प्रयत्न होता.

ते वाक्य दोनदा म्हणून झाल्यावर एचआरच्या साहेबांनी पेन पुढे केलं. "झालं. आता सही."

मी पेन घेतलं. मग विचारलं, "कोनी केला?"

"काय कोणी केला?"

"कन्फ्यूज. देवजीला कोनी केला?"

"कोणी नाही. तो झाला."

"आपोआप?"

एचआरचे साहेब प्रमुखांकडे बघू लागले. प्रमुखांनी फोन उचलून बघितला.

मी म्हटलं, "गाठी मी सोडल्या. सोडायला या सायबांनी सांगितलं. गुरवारी सकाळी नऊ वाजता, यार्डात. या दादांच्या समोर. हे लिवा. मंग सही करते."

सुपरवायझर म्हणाला, "अगं, कशाला वाढवतेस." तो ओरडून बोलला नाही. घाबरून बोलला.

ठेकेदार खुर्चीतून उठला. माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "तुझ्या पाड्यावरची नऊ माणसं माझ्याकडं कामाला हायत. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय."

"मंग?"

मी पेन टेबलावर ठेवलं. "सही करत नाय."

प्रमुख तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. "बाहेर थांब."

बाहेर मी पाऊण तास थांबले. बारा वाजून वीस मिनिटांनी सिक्युरिटीवाला आला. त्याने माझा गेटपास मागितला. मी दिला. तो म्हणाला, "डबा आत असेल तर सांग, आणून देतो." मी सांगितलं. त्याने डबा आणून दिला.

घरी पेटीत माझी ज्युनिअर कॉलेजची डिक्शनरी होती. शब्द काढला. गोंधळात टाकणे, असा पहिला अर्थ दिला होता. खाली एक उदाहरण होतं. उलटसुलट पाट्यांनी एका वाटसरूला गोंधळात टाकलं होतं. वाक्यात पाट्या होत्या आणि वाटसरूही होता.

कारखान्यात हा शब्द मी रोज ऐकत होते. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तो वापरायचे. कन्फ्यूज झालो. कन्फ्यूज झाली. कन्फ्यूज हो गया. अमक्याने तमक्याला केलं, असं सहा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. आमच्याकडे माणूस रानात वाट चुकून तिथल्या तिथे फिरत राहिला तर चकव्याने भुलवलं म्हणतात. तो स्वतःच भुलला असं कोणी म्हणत नाही. भुलवणारा कोण, ते आधी सांगतात. शिकलेल्या माणसांच्या खोलीत मात्र चकवा कोणीच नव्हता.

बुधवारी मी वापीला डोळ्यांच्या इस्पितळात गेले. देवजी भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको यमुना मोसंबी सोलत होती. माझा आवाज ऐकून त्याने मान माझ्याकडे वळवली, पण थोडी बाजूला.

"ठेकेदार आलेला," तो म्हणाला. "बोलला, तू कनफूज झालास. मी बोललो, झालो असंन."

"डॉक्टर काय बोलले?"

यमुना म्हणाली, "डावा गेला. उजव्याचं आताच सांगत नाय."

देवजी म्हणाला, "चार दिस तेच आठवतोय. गाठ असंल नि मलाच दिसली नसंल. लग्नातनं आलेलो. झोप नव्हती. तू व्हतीस ना तिथं? गाठ व्हती का गं?"

"नव्हती."

"तुला कसं म्हाईत?"

"मीच सोडली. गुरवारी. सगल्या मीच सोडल्या. सायबांनी सोडायला लावल्या."

यमुनाचे हात थांबले.

त्याने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाला, "मंग मला बरोबर दिसलं व्हतं."

"हां."

"मी बरोबर बघितलं."

"बरोबर बघितलंस, दादा."

नंतर तो म्हणाला, "गाडीत नाय बोललीस तू मला."

"नाय बोलले."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. यमुनाने सोललेली मोसंबी ताटलीत ठेवली आणि हात पदराला पुसले. "आता जा, बाय," ती म्हणाली.

गुरुवारी मी पालघरला गेले. कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी जिथे होते त्या सरकारी कार्यालयात. कारकुनाने माझा अर्ज उलटून बघितला. "इंग्रजीत नाही का?"

"नाही."

"मग वेळ लागेल."

"बसते."

साडेतीनला आत बोलावलं. अधिकारी बाई होत्या. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "ह्या गाठीचा अर्थ नेमका काय होता, ते मला समजावून सांगा."

मी सांगितला. भरलेली लाइन, रिकामी लाइन, कोणी बांधायची, कोणी सोडायची. त्यांनी कागदावर चित्र काढून विचारलं, असं का. मी म्हटलं, असंच. तीन वर्षांत खुर्चीवर बसलेल्या माणसाने हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला होता. गुरुवारी सकाळी नऊ वाजता तो विचारला असता तर उत्तराला दोन मिनिटं लागली असती.

जबाब मराठीत लिहिला गेला. चार पानं झाली. त्यांनी तो मला वाचून दाखवला. पहिल्या पानावर थांबल्या.

"सतराही गाठी तुम्ही स्वतः सोडल्या, असं इथे आहे. आणि जखमी कामगाराला तुम्ही सांगितलं नाही, असंही. हे राहू द्यायचं? तुमच्याविरुद्ध वापरतील."

"राहू द्या."

"विचार करा."

"ते काढलं तर मी त्यांच्यासारखीच झाले. जे झालं ते सगळं राहू द्या. मी केलं ते पन, नि त्यांनी करायला लावलं ते पन."

मी चारही पानांवर सही केली. मराठीत, पूर्ण नावाने.

त्यानंतरच्या आठवड्यात ठेकेदाराने आमच्या पाड्यावरच्या नऊपैकी तिघांना पुढच्या महिन्यापासून काम नाही असं सांगितलं. संध्याकाळी तिघांच्या घरची माणसं माझ्या अंगणात आली. शिवीगाळ झाली नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "तुझी एक सही, नि आमच्या तीन चुली." दोन दिवस एक पांढरी गाडी पाड्याच्या वळणावर उभी होती. काचा वर होत्या. कोणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी माझा नवरा तिच्याजवळ चालत गेला, तेव्हा ती निघून गेली. मग ठेकेदाराचा निरोप आला. कागद बदललाय, चिंध्यांचं काढून टाकलंय, तुझं नाव कुठंच नाही. फक्त देवजी कन्फ्यूज झाला एवढंच ठेवलंय. सही कर आणि सोमवारपासून कामावर ये. तिघांनाही घेऊ.

नवऱ्याने विचारलं, "काय सांगू त्याला?"

मी म्हटलं, "एकदा मी ते वाक्य तोंडाने म्हटलं. आता हाताने लिहून देणार नाय."

चौकशीच्या तारखा लागतील. प्रत्येक तारखेला मी जाणार आहे. चार पानं आहेत तीच सांगणार आहे. त्यात शब्द घालणार नाही आणि काढणारही नाही. देवजी माझ्याशी बोलत नाही. त्याने बोलावं म्हणून मी हे करत नाही.

पुढच्या गुरुवारी रामसूरत पालघरच्या त्या कार्यालयात गेला. त्याने मला आधी सांगितलं नव्हतं. त्याचा जबाब हिंदीत लिहून घेतला गेला. पहिलं वाक्य असं आहे : "मैंने बिना पढ़े सही की थी." दुसरं असं : "देवजी ने शावर के नीचे बोला था कि गांठ नहीं थी, और मैंने अपने कान से सुना था."

शुक्रवारी सकाळी गेटवर त्याचा पास काढून घेतला.

सोमवारी तिसरा जबाब नोंदवला गेला. तो देणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. तो अजून यार्डात कामाला आहे.